एकाहत्तर न उचललेले फोन

आमच्या विभागप्रमुखांना रेसिडेंट डॉक्टर पाठीमागे 'नव्याण्णव' म्हणतात. हे नाव त्यांनी स्वतःच ओढवून घेतलं. जिन्यात, लिफ्टमध्ये, कुणाच्या निरोप समारंभात, कुठेही उभं केलं तरी तिसऱ्या वाक्याला ते नव्याण्णववर येतात. "शंभरातले नव्याण्णव," असं म्हणतात आणि समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघत राहतात, त्याला काही भेट दिल्यासारखे.

हे नव्याण्णव त्यांच्या कार्डाचे. छातीत दुखतंय म्हणून माणूस कॅज्युअल्टीत आला की त्याचं रक्त दोनदा तपासायचं असतं आणि मध्ये काही तास जाऊ द्यायचे असतात. तेवढा वेळ खाट अडते, नातेवाईक दारात गर्दी करतात. सरांनी त्यावर सहा प्रश्न काढले. वय जास्त आहे का, दुखणं बराच वेळ टिकलं का, घाम आला का, धाप लागली का, आधी हृदयाचा त्रास होता का, ईसीजीत काही बदल दिसतो का. प्रत्येक 'हो'ला एक गुण. दोनपेक्षा कमी गुण पडले की माणूस घरी. प्रश्न वाईट नव्हते. कुठलीही अनुभवी नर्स हेच विचारते, फक्त ती त्याचं कार्ड छापत नाही.

सरांनी छापलं. अभ्यास पुरा व्हायच्या आधीच छापलं. दोन हजार प्रती, चकचकीत, कोपरे गोल केलेले, मागे स्वतःची सही. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून कॅज्युअल्टीच्या प्रत्येक टेबलावर ते लागणार होतं.

मी त्या विभागात मोजणी करतो. पदाचं नाव संख्याशास्त्र सल्लागार असं आहे. निवृत्त झाल्यावरही आठवड्यातून तीन दिवस मला बोलावतात, कारण माझ्याइतका वाद न घालणारा माणूस त्यांना दुसरा मिळालेला नाही. बत्तीस वर्षांत एकाही कागदावर सही करायला मी नाही म्हटलेलं नाही. यात चांगुलपणा काही नाही. नाही म्हणायला समोरच्याच्या डोळ्यांत बघावं लागतं. मी टायच्या गाठीकडे बघून बोलतो. सरांच्या टायच्या सगळ्या गाठी मला पाठ आहेत.

कार्डाचा अभ्यास हा माझ्या पुतणीचा प्रबंध होता. दादा-वहिनींना उशिरा झालेली ही एकुलती एक मुलगी. मी लग्न केलं नाही, त्यांच्याच घरात मागच्या खोलीत राहतो, त्यामुळे अक्षरओळखीपासून वर्गमुळापर्यंत तिचा अभ्यास माझ्याकडेच होता. पुढच्या गुरुवारी तिची तोंडी परीक्षा होती. ती पार पडली की ती हृदयाची तज्ज्ञ डॉक्टर होणार होती आणि दुसऱ्या गावातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात तिची जागा ठरलेली होती. ते लोक महिनाअखेरपर्यंत थांबणार होते, त्यापुढे नाही. सगळं तयार होतं. प्रबंधाच्या शेवटच्या पानावर 'आकडे तपासले' याखाली माझी सही तेवढी राहिली होती.

आकडे असे होते. दोनपेक्षा कमी गुण पडून घरी गेलेले रुग्ण चारशे बारा. तीस दिवसांनी प्रत्येकाला फोन. तक्रार नाही, चारशे नऊ. पुन्हा दाखल, तीन. मृत्यू, शून्य. शंभरात नव्याण्णवाहून थोडं जास्तच. सरांनी ते 'थोडं जास्त' सोडून दिलं होतं, विनय म्हणून.

शुक्रवारी संध्याकाळी पुतणी जेवणाच्या टेबलावर भाषणाची तयारी करत होती. तिची फोनची वही शेजारी उघडी पडली होती. नावांपुढे बरोबरच्या खुणा होत्या, आणि मधूनमधून पेन्सिलीने काढलेले छोटे गोल.

"हे गोल कसले?" मी विचारलं.

"उचलला नाही," ती मान वर न करता म्हणाली.

"म्हणजे?"

"फोन, काका. फोन उचलला नाही. प्रत्येकाला तीनदा केला, वेगवेगळ्या दिवशी."

"मग फॉर्ममध्ये काय भरलंस?"

"तक्रार नाही."

मी गोल मोजले. मला मोजल्याशिवाय बोलता येत नाही. एकाहत्तर भरले.

"ज्याने फोन उचलला नाही त्याची तक्रार नाही, हे कुठल्या पुस्तकात शिकलीस?"

"पुस्तकात नाही, कॉम्प्युटरवर. तीनच पर्याय होते. तक्रार नाही, पुन्हा दाखल, मृत्यू. रिकामं सोडलं तर रकाना लाल होतो आणि पुढचं पान उघडतच नाही. सरांना विचारलं, तर म्हणाले पहिला पर्याय टाक. मग काय, फोन उचलला नाही म्हणून मारून टाकू लोकांना?"

"इतकी वर्षं डॉक्टरकी शिकता तुम्ही," मी म्हणालो, आणि आवाज मला स्वतःलाच अनोळखी वाटला. "इतकी वर्षं, आणि मेलेला माणूस फोन उचलत नाही एवढं कुणी शिकवत नाही? जो खरोखर आजारी पडला तोच सापडायचा नाही. बरा माणूस घरी बसलेला असतो. तुमच्या पिढीला बटण दाबलं की विज्ञान झालं असं वाटतं."

ती वही मिटून आत निघून गेली. मी तिच्यामागे गेलो नाही, कारण बोलता बोलताच मला आठवलं होतं. तो फॉर्म मी केला होता.

दोन वर्षांपूर्वी मीच विभागाला पत्र लिहिलं होतं. रिकामे रकाने हे आळसाचं लक्षण आहे, रेसिडेंटना आळस करायला जागा ठेवू नये, यापुढे एकही रकाना रिकामा राहिल्यास फॉर्म पुढे जाऊ नये. सरांनी ते पत्र बैठकीत वाचून दाखवलं होतं आणि मला चार दिवस बरं वाटलं होतं. 'संपर्क झाला नाही' असा चौथा पर्याय ठेवायचं मला सुचलंच नव्हतं. मी आयुष्यभर आकड्यांच्या टेबलांत, तक्त्यांत राहिलो आहे. फोन न उचलणारी माणसं टेबलात नसतात.

शनिवारी मी नोंदणीच्या खोलीत गेलो आणि त्या एकाहत्तर जणांचे आले त्या दिवशीचे कागद काढले. तिथे एक दुसरा नंबरही असतो, रुग्णाला घेऊन आलेल्या माणसाचा. पुतणीने तो पाहिला नव्हता. फॉर्ममध्ये त्याला रकाना नव्हता, म्हणजे तेही माझंच.

मला फोन करायची भीती वाटते. हे या वयात सांगणं हास्यास्पद आहे, पण दुकानात फोन करून एखादं पुस्तक आलं का विचारायचं तर मी स्वतः चालत जातो. तरीही शनिवार ते सोमवार मी मागच्या खोलीचं दार लावून एकाहत्तर नंबर लावले. बोलायचं वाक्य कागदावर लिहून ठेवलं होतं.

पहिलाच माणूस जिवंत निघाला आणि भडकला. "सहा महिन्यांनी जाग आली होय? तेव्हा काय झोपला होतात सगळे?" मी माफी मागितली. "माफी कसली मागता, मी मस्त आहे," असं म्हणून त्याने फोन आपटला. असे मस्त लोक चव्वेचाळीस निघाले. सात जण वेगवेगळ्या हॉस्पिटलांत हृदयाचा झटका म्हणूनच दाखल झालेले होते. त्यातल्या एकाने सांगितलं, "तुमच्याकडे परत कशाला येऊ? तुम्हीच सांगितलं होतं, काही नाही म्हणून."

एका नंबरावर बाईंनी फोन घेतला. नवरा शिंपी होता, असं कागदावर होतं.

"त्यांच्याशी बोलायचं होतं," मी म्हणालो.

"ते नाहीत."

"कधी येतील?"

पलीकडे शिवणयंत्र चालू होतं. ते थांबलं. "गेले हो ते," बाई म्हणाल्या. "तुमच्याकडून आल्यावर नवव्या दिवशी. तुम्ही कोण?"

माझ्या कागदावर पुढचं वाक्य 'आपली प्रकृती कशी आहे' असं होतं. मी फक्त हॉस्पिटलचं नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्यांचा फोन महिनाभर कपाटात वाजत होता. मला घ्यावासा वाटला नाही. तुमचाच असेल." मग मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून असेल, त्यांनी विचारलं, "तुमचं काही काम अडलं होतं का?"

मेलेले पाच होते. त्यातला एक रस्त्यावर ट्रकखाली गेला, तो मी धरला नाही. नाहीतर माझ्यात आणि सरांत फरक तो काय. पंधरा जण कुठेच सापडले नाहीत. म्हणजे सापडलेल्या छप्पन्न जणांत अकरा वाईट, पाचात एक. आणि पुतणीच्या वहीतल्या बरोबरच्या खुणांत शंभरात एकही नाही. जे शोधायचं होतं ते सगळं त्या गोलांत जाऊन बसलं होतं.

मंगळवारी मी सरांकडे गेलो. त्यांनी माझा कागद वाचला. ते काही मूर्ख नाहीत. तसे असते तर मला त्यांचा इतका राग आला नसता. त्यांना एका मिनिटात सगळं कळलं, आणि दुसऱ्या मिनिटाला त्यांनी उपाय काढला.

"वगळा," ते म्हणाले.

"काय?"

"एकाहत्तर जण वगळून टाका. खाली बारीक अक्षरांत टीप द्या, संपर्क होऊ शकला नाही. चारशे बारातून एकाहत्तर गेले, राहिले तीनशे एक्केचाळीस. त्यात तीन." ते छताकडे बघून हिशेब करत होते. "बघा. नव्याण्णवच."

खरंच नव्याण्णवच येत होते. मी मनातल्या मनात दोनदा करून पाहिलं.

"पण संपर्क झाला ना, सर. मीच केला."

"तुम्ही अभ्यासाचा भाग नाही. तीस दिवसांनंतरचे फोन नियमात बसत नाहीत. तुम्हाला मी नियम शिकवायचे का?" त्यांनी टायची गाठ सारखी केली. "आणि हे बघा, मला काय, मी अजून पन्नास पेपर लिहीन. पण वही पोरीच्या अक्षरातली आहे. खोट्या नोंदी तिच्या नावावर लागतील. तुमच्या घरातलीच ना ती? विचार करा. तुम्ही मोजणारी माणसं, तुम्हाला टेबलापलीकडचं माणूस दिसत नाही."

"पहिला पर्याय टाक असं तुम्हीच सांगितलंत, ती म्हणते."

"मी? लेखी आहे?"

लेखी नव्हतं. लेखी माझंच पत्र होतं. ते मी खिशात घेऊन गेलो होतो आणि तसंच खिशात घेऊन परत आलो. निघताना त्यांनी मला एक कार्ड दिलं, ठेवा म्हणाले. मी ते घेतलं आणि आभारसुद्धा मानले.

घरी सगळ्यांना कळलेलं होतं. दादा वर्तमानपत्राआड गेला. तो अवघड प्रसंगी तिथेच राहायला जातो. वहिनी समोर येऊन बसल्या.

"भावजी, मी ऐकलं त्यावरून सही केलीत की पोरगी पास, नाही केलीत की नापास. असंच ना?"

"तसं साधं नाही ते."

"मग अवघड करून सांगू नका. तुम्ही जन्मभर गप्प बसलात. कुणाशी भांडला नाहीत, कुणाला अडवलं नाहीत, घरमालकाने नळ तोडला तरी तुम्ही बादली घेऊन खाली गेलात. आणि आता वाचा फुटायची तर ती आमच्या पोरीच्या परीक्षेलाच?"

"माणसं मेलीत, वहिनी."

"ती काय तिने मारली?"

"नाही. पण एक तारखेपासून कार्ड लागणार. मग घरी पाठवायला कुणाला विचारही करावा लागणार नाही."

पुतणी दारात उभी होती. "काका, तुम्ही माझ्या बाजूचे आहात की कुणाच्या?"

मी तिला फॉर्मचं तेव्हा सांगायला हवं होतं. पत्र अजून खिशात होतं. पण ती शुक्रवारच्या माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवून बसली होती, चूक आपली आहे असं धरून चालली होती, आणि माझ्यातल्या एका अत्यंत हलक्या कोपऱ्याला ते सोयीचं वाटत होतं. "बघू," एवढंच मी म्हणालो. सरांचा मला तिटकारा येतो. त्या संध्याकाळी आमच्यात फार अंतर नव्हतं.

गुरुवारी परीक्षेच्या खोलीत लांब टेबलाशी पाच जण बसले होते. मधोमध बाहेरून आलेल्या परीक्षक बाई होत्या, वयाने माझ्याएवढ्या, चष्मा दोरीला बांधलेला. सर उजवीकडे. पुतणीने वीस मिनिटं चांगलं भाषण केलं. पडद्यावर शेवटी नव्याण्णवचा आकडा आला. खाली बारीक अक्षरांतली टीपही होती. ती सरांनी आदल्या दिवशी घालायला लावली होती.

"आकडे तपासल्याची सही दिसत नाही," परीक्षक बाई म्हणाल्या.

"सल्लागार इथेच आहेत," सर म्हणाले. "आता करतील."

पेन माझ्यापुढे आलं. मी उभा राहिलो. उभं राहायची गरज नव्हती, सगळे बसूनच बोलत होते. मी कागद काढून वाचायला सुरुवात केली. एकाहत्तर, चव्वेचाळीस, सात, पाच, त्यातला एक ट्रकखाली, पंधरा. मग माझं दोन वर्षांपूर्वीचं पत्र वाचलं, तारखेसकट. "रेसिडेंटला रिकामं सोडायची सोय नव्हती," मी म्हणालो. "ती सोय मी काढून घेतली. नोंदी तिने केल्या, पण खोटं बोलायला तिला माझ्या फॉर्मने लावलं."

पुतणी माझ्याकडे बघत होती. पत्राचं तिला तेव्हाच कळलं.

"गोल कुणी काढले?" परीक्षक बाईंनी विचारलं. वही त्यांच्यासमोर होती.

"मी," पुतणी म्हणाली.

"फॉर्म भरून झाला होता. मग हे कशाला?"

"फॉर्ममध्ये खरं लिहिता येत नव्हतं. म्हणून वहीत लिहिलं."

"गुणपत्रिकेत याला गुण नाहीत," बाई म्हणाल्या. "याचं वाईट वाटतं."

सर मध्ये पडले. "मी हेच सांगणार होतो," ते म्हणाले, अगदी शांतपणे. "आमच्या विभागात चुका आम्हीच शोधतो. सल्लागारांना मीच सांगितलं होतं, शेवटपर्यंत तपासा. या एकाहत्तर जणांवर आम्ही स्वतंत्र पेपर करतोय. हरवलेले रुग्ण. फार दुर्लक्षित विषय आहे."

मी त्यांच्या टायच्या गाठीकडे बघत होतो. ती जराही हलली नव्हती.

निकाल अर्ध्या तासात लागला. प्रबंध परत. सहा महिने मुदत. राहिलेले पंधरा जण शोधायचे, चारशे बाराच्या चारशे बारा नोंदी पुन्हा तपासायच्या. कार्ड तोपर्यंत वापरायचं नाही. सरांचं नाव कशातही नव्हतं. सल्लागाराने यापुढे येण्याची गरज नाही, हे मला शिपायाकरवी कळवण्यात आलं.

पुतणी व्हरांड्यात भिंतीला टेकून उभी होती. मी जवळ गेलो. खरं सांगायचं तर मला थोडं हलकं वाटत होतं, थोडा अभिमानही, आणि ती काहीतरी बरं बोलेल अशी वाट मी बघत होतो.

"शुक्रवारीच माहीत होतं तुम्हाला," ती म्हणाली.

"हो."

"सहा दिवस मी स्वतःला शिव्या घालत होते. तुम्ही शेजारच्या खोलीत होतात."

"मला धीर होत नव्हता."

"पाच परक्या लोकांसमोर झाला. माझ्या एकटीसमोर नाही झाला." ती सावकाश बोलत होती, पेशंटला सांगतात तशी. "तुम्ही कबूल केलंत आणि सुटलात, काका. माझी तिकडची जागा गेली. मी त्या लोकांना फोन करणार आहे आता. आईला तुम्ही सांगा. मी उशिरा येईन."

मी एकटाच घरी आलो. वहिनींनी दार उघडलं आणि माझ्यामागे कुणी नाही हे पाहिलं. दादा वर्तमानपत्र खाली ठेवून बसला होता, म्हणजे त्याला अंदाज आला होता. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, सहा महिने, जागा, कार्ड, फॉर्म. फॉर्मचं सांगताना मी जमिनीकडे बघितलं नाही, एवढं जमलं.

वहिनी रडल्या नाहीत. त्यांनी एकच विचारलं.

"म्हणजे त्या फॉर्मात खुणेला आणखी एक जागा ठेवली असती, तर हे काहीच झालं नसतं?"

"बहुतेक नाही."

"मग का नाही ठेवलीत?"

खूप कारणं देता आली असती. रेसिडेंटांचा आळस, सरांची घाई, त्या काळातली पद्धत. मी तीनही तोंडापर्यंत आणली.

"रकाने भरलेलं टेबल छान दिसतं," मी म्हणालो.